उर्मिलेचा प्रश्न

समोरचा माणूस बोलणं संपवून उठायला लागला, की अण्णा उजवा हात सरळ बाहेर काढायचे, ट्रकच्या खिडकीतून मागच्या गाडीला थांबवतात तसा, आणि म्हणायचे, "जरा थांबा. अर्थ ऱ्हायला." मग विषय गॅसच्या टाकीचा असो की ग्रामपंचायतीचा, त्याचा अर्थ ऐकल्याशिवाय तुमची सुटका नाही. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्याकडे हे होते.

हात ट्रकचाच होता. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर अण्णांनी उभं आयुष्य गाडी चालवली. गुडघे गेले तेव्हा ती सोडून नळदुर्गजवळच्या आपल्या गावी आले आणि मारुतीच्या देवळात सूचक झाले. श्रावणात तिथं रामाची पोथी लागते. ती चालवायला दोघं लागतात. वाचक ओवी वाचतो आणि सूचक तिचा अर्थ सांगतो. सूचकाची जागा मानाची. ती एका ड्रायव्हरला मिळाली याचं अण्णांनाच सगळ्यात जास्त अप्रूप होतं. श्रावणभर ते चहासुद्धा देवळाची पायरी उतरून प्यायचे.

मी तिथल्याच वाचनालयात ग्रंथपाल. त्या सुमारास आमच्याकडे पुराणांवरच्या नव्या कादंबऱ्यांची रास लागली होती. एकेक तीन-तीन भागांची. मुखपृष्ठावर पाठमोरा देव, पाठीला भाता आणि दंड असे की गडी आत्ताच तालमीतून आलाय. कॉलेजची पोरं तुटून पडायची. माझं मात्र त्यांच्याशी वाकडं. शिक्का मारायचा, फळीवर ठेवायचं, पण उघडून एक पान वाचलं असेल तर शपथ. जिचं पोट पुस्तकांवर तिनं असं वागू नये, पण मी वागले खरी.

अण्णा पहिल्यांदा आले ते शब्दकोश बघायला. ओवीतल्या एका शब्दावर अडले होते. टेबलावरचं पुस्तक उचलून म्हणाले, "ताई, ह्यो लक्ष्मण हाय व्हय? पार पैलवान केलाय की." ते घेऊन गेले आणि मग अख्खं कपाट वाचून काढलं. तक्रारीही भरपूर. एका लेखकानं अस्त्राची इतकी शास्त्रीय फोड केली होती, की अण्णांच्या मते त्यापेक्षा इंजिन उघडून बघणं सोपं. पण वाचायचे तहानभूक विसरून. हायवेवरच्या एका ओळखीच्या धाब्यावर, खाटेवर पाय वर घेऊन. एकदा मला म्हणाले, पोथीत देव काय करतो ते आहे, ह्यात त्याला काय वाटतं ते पण आहे. मी नाक मुरडलं.

लक्ष्मणावरची कादंबरी त्यांनी तीनदा नेली. परत करताना दर वेळी एकच गाऱ्हाणं, एवढे तीन भाग लिहिले आणि उर्मिला दोन पानांत उरकली. मी रजिस्टरात तोंड घालून हो हो म्हणायची.

त्या श्रावणात पोथी अयोध्येला परत आली, त्या दिवशी मी देवळात होते. राम आला, भरत भेटला, वाचक पान उलटायला लागला, तेवढ्यात अण्णांचा हात बाहेर आला. अर्थ राहिला होता. म्हणाले, लक्ष्मण चौदा वर्षांनी आपल्या दाराशी उभा राहिला. उर्मिला रडली नाही, रागावली नाही. तिनं पाण्याचा तांब्या दिला. त्याचं पिऊन होईस्तोवर थांबली. मग तिनं एवढंच विचारलं, "ह्या खेपेला किती दिस ऱ्हाणार?"

बायकांचे पदर डोळ्यांना लागले. माझाही लागला, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी गावातली चार वडीलधारी माणसं अण्णांकडे गेली. हे पोथीत कुठं आहे, म्हणाली. वनवास एकदाच झाला, लक्ष्मण काय खेपा करत होता? अण्णा खाली बघत म्हणाले, पोथीत नाही, कादंबरीत आहे. झालं! कादंबरीतलं देवापुढं आणलं म्हणून त्यांची जागा गेली. ती माणसं वाचनालयातही आली, असली पुस्तकं आत ठेवा म्हणाली. आणि मी, सांगायला लाज वाटते, हूं की चूं न करता लक्ष्मणाचे तिन्ही भाग कुलपात घातले.

अण्णा तरीही पोथीला जायचे. मागं खांबाला टेकून बसायचे. नवा सूचक अर्थ सांगायला लागला, की त्यांचा हात मांडीवरून थोडासा उचलला जायचा आणि पुन्हा खाली यायचा. मला ते बघवायचं नाही. मी एकदा सुचवलं, पुस्तकातलं होतं, चुकलं म्हणा आणि मोकळे व्हा. चार लोक विसरतील.

"बोललो ते बोललो, ताई," एवढंच म्हणाले.

मागच्या पौषात गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

महिन्याभरानं त्यांची बायको वाचनालयात आली. मावशी पोथीला कधी नसायच्या, म्हशीच्या धारेची वेळ तीच. खुर्चीवर नको म्हणत बाकावर टेकल्या.

"बाया म्हणत्यात, म्या बोलायची ते पुस्तकात छापलंय," त्या म्हणाल्या. "मला वाचाया येत न्हाय. कुठं हाय, त्यावर बोट ठिवून दावा."

मी कपाट उघडलं. त्याला पुन्हा कुलूप लावलेलं नाही. पहिल्या भागात उर्मिलेची दोन पानं सापडली. ती नवऱ्याला निरोप देते, दिवा लावते, संपलं. मी पुढचं चाळलं, मागचं चाळलं, तिन्ही भाग पालथे घातले. तास गेला. परत आलेल्या लक्ष्मणाला ती भेटतच नव्हती. पाण्याचा तांब्या नव्हता आणि तो प्रश्नही नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खेप हा शब्द राजवाड्यातला नव्हेच. तो ट्रकवाल्याच्या घरातला. घरातलं बोलणं गावाच्या तोंडी जाऊ नये म्हणून अण्णांनी ते पुस्तकावर ढकललं होतं आणि त्यापायी आपली जागा घालवून बसले होते.

मी मावशींना खरं ते सांगितलं. पुस्तकात कुठंही नाही, अण्णांनी स्वतःच्या मनानं सांगितलं.

त्यांनी मुखपृष्ठावरच्या त्या पैलवान लक्ष्मणावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, अण्णा गाडीवरून घरी आले की त्या हेच विचारायच्या. पाणी देऊन, दर खेपेला. आणि ते तोंड पुसून सरळ जेवायला बसायचे. उभ्या जन्मात एकदाही उत्तर दिलं नाही. मावशींना वाटायचं, ह्या माणसाच्या कानावरच जात नाही.

त्यांनी पदरानं पुस्तकावरची धूळ पुसली आणि ते माझ्याकडे सरकवलं.

"म्हंजी ऐकत व्हते," त्या म्हणाल्या.