चौथी बाटली

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा मी माणूस. सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली... परीक्षानळीत दिसेल तेच खरं. तरी हे एक लिहून टाकतो. आता मनात ठेववत नाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, त्यात दुष्काळ. आमची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, माणूस मी एकटा. रोज आडांचं, बोअरचं पाणी तपासून जीव आंबून गेलेला. शहरातल्या एका जलतरण तलावात तेवढं पाणी शिल्लक होतं. ते टँकरने देवणीकडच्या जनावरांच्या छावणीला द्यायचं ठरलं. शेवाळ धरू नये म्हणून अशा तलावात मोरचूद टाकतात — म्हणजे तांबं. जास्त झालं तर जनावरं दगावतात. माझा रिपोर्ट गेला की चारला टँकर सुटणार होता.

तलावाचे जुने राखणदार किशनमामा मला दर वेळी बजावायचे, "वरचं पानी लई लबाड असतंय, साहेब. बुडाचं घ्या." बाटलीला वीट बांधून खोलात सोडायचे, सुतळीने बूच ओढायचे. बाटलीच्या गळ्याशी त्यांची ती दुहेरी गाठ. मामा उन्हाळा लागतानाच वारले.

त्या दुपारी मला वीट शोधायचाही कंटाळा आला. खरं तेच सांगतो. काठावर बसून वरच्यावर तीन बाटल्या भरल्या, पिशवीत टाकल्या आणि सायकलवर निघालो.

टेबलावर काढल्या, तर चार निघाल्या.

चौथीच्या गळ्याला ओली सुतळी... दुहेरी गाठ. मग तिन्ही नमुन्यांत अमोनिया टाकला — काही नाही. चौथ्यात टाकला, आणि नळी गडद निळी झाली. तांबं, तेही भरपूर.

सायकल कशी हाणली ते आठवत नाही. टँकर भरून फाटकात उभा होता. भरताना त्याचा पाइप नेमका खोलात सोडला होता. नवा राखणदार शेषराव म्हणाला, "जनावरं पिनार म्हनल्यावर पानी नासू नये म्हून मीच काल अर्धं पोतं मोरचूद तिथं ओतलं. चुकलं का, साहेब?"

टँकर तिथंच रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी जिल्हा कचेरीत माझ्या वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. म्हणाले, बुडाचा नमुना घ्यायचं बरं सुचलं तुम्हाला. मी मान डोलावली.

ती बाटली पिशवीत कशी आली, मला आजही सांगता येत नाही. पण किशनमामांचं नाव तेव्हा घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही.