क्लबातल्या झोळ्या

आमच्या शेजारच्या वहिनींइतका ताप मला उभ्या जन्मात कुणी दिलेला नाही. सासूने नाही, नवऱ्याने नाही, ऐन दहावीत असलेल्या माझ्या मुलीनेही नाही. आणि गंमत बघा, त्या आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायला आल्या तेव्हा, शेजार कसा शांत मिळाला म्हणून मीच देवापुढे साखर ठेवली होती! नव्वद सालानंतरची गोष्ट, कॉलनीत केबल नुकती आली होती. वहिनींचे यजमान कारखान्यात केमिस्ट. वहिनी इतक्या गप्प, की दूधवाल्यालाही दाराआडून नुसती बोटं दाखवायच्या. हळदीकुंकवाला आल्याच तर कोपऱ्यात बसून तिळगूळ चघळायच्या, आणि कुणी नाव विचारलं तर "ह्यांना माहीत" असं म्हणायच्या. देवाशप्पथ, मी स्वतः ऐकलंय.

मग एका हंगामात ते घडलं. दिवाळी झाली की पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. कारखान्यासमोरच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहायच्या आणि नवरा-बायको दोघंही अंधारातच कोयते घेऊन उसाच्या फडात जायची. पोरंही बरोबर. तान्ही फडाच्या कडेला, जिथे सावली दिसेल तिथे निजवायची. त्या दिवशी तोड अगदी कॉलनीच्या कुंपणाला लागून चालली होती. ड्रायव्हरने रिकामी ट्रॉली मागे घ्यायला सुरुवात केली, आणि ट्रॉलीच्याच सावलीत, फडक्यावर, एक बाळ झोपलेलं. वहिनी परसात कपडे वाळत घालत होत्या. त्या अशा काही ओरडल्या, की माझ्या हातून फोडणीची कढई पडली. "अरे थांब! मुडद्या, थांब म्हणते ना!" ट्रॅक्टर थांबला. चाक आणि पोर यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं. कॉलनीने वहिनींचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो असा. आणि एकदा सुटलेला तो आवाज पुढे काही केल्या बंद होईना.

दुसऱ्या दिवशी ते बाळ वहिनींच्या घरात. आठवडाभरात टोळीतल्या पोरांनी घर भरलं. घर पुरेना, तेव्हा बाईंनी कॉलनीच्या क्लबाचा हॉलच ताब्यात घेतला, दिवसा रिकामाच असतो म्हणून! कॅरम बोर्ड भिंतीला उभे, खिडक्यांच्या गजांना दोऱ्या, आणि दोऱ्यांना साड्यांच्या झोळ्या. साड्या कुणाच्या? माझ्या! "अहो वहिनी, ही माझी डोहाळजेवणाची साडी!" मी किंचाळले. "मऊ आहे हो फार. पोर लगेच झोपतं," त्या म्हणाल्या. आणि माझ्यादेखत गाठ मारून मोकळ्या! माझा स्टोव्ह गेला, कुकर गेला, आणि शेवटी नवराही गेला. एक रडकं पोर स्कूटरवर बसलं की गप्प राहतं असा शोध वहिनींना लागला. झालं! ज्यांनी स्वतःच्या मुलीला कधी कडेवर घेतलं नाही ते आमचे हे, दुपारी जेवायला आले की पोराला पुढे उभं करून कॉलनीला चकरा मारायचे आणि इकडे माझ्या पोळ्या गार! वहिनी कधी "येता का?" असं विचारायच्याच नाहीत. "तुम्ही भाताचं बघा," म्हणायच्या आणि पुढे निघायच्या. मी रोज ठरवायची, आज सुनावायचं. आणि रोज भाताचं बघायची. माझी दुपारची मालिका कुठवर आली ते मला शेजारपाजारी विचारावं लागे.

संक्रांत आली. मी महिला मंडळाची चिटणीस, हळदीकुंकू दरवर्षी क्लबात. त्यात संध्याकाळी पत्ते खेळणाऱ्या मंडळींनी तक्रार केली होती, की हॉलला मुताचा वास येतो. मॅनेजरसाहेबांनी ठरवलं, संक्रांतीनंतर दिवसा हॉलला कुलूप. ही बातमी घेऊन मी गेले. खरं सांगते, जरा खुशीतच गेले.

"कुलूप लावल्यावर पोरं कुठं जातील?" वहिनींनी विचारलं.

"कुठं म्हणजे? फडात, आयांबरोबर," मी म्हणाले. आणि म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

वहिनींनी झोळीला एक झोका दिला. मग म्हणाल्या, "हळदीकुंकू झोळ्यांसकटच करू. आणि यंदा वाण लुटायचं नाही, आणायचं. प्रत्येकीने एकेक जुनी मऊ साडी आणायची."

मंडळात गहजब उडाला. मी प्लास्टिकचे डबे घाऊक आणून ठेवले होते, त्यांचं काय करायचं? "संक्रांतीला जुनेरं? शोभतं का हे?" एकजण म्हणाली. पण आल्या सगळ्या, कुरकुरत का होईना, पिशवीत साडी घेऊन. वहिनींनी फडातून पोरांच्या आयांनाही बोलावलं होतं. पाचटाने हात चिरलेले, त्या दारातच थबकल्या. वहिनींनी एकीचा हात धरून तिला सतरंजीवर आणून बसवलं, मग बाकीच्या आल्या. साहेबांच्या मिसेस अगदी पैठणीत. त्यांच्या शेजारच्या झोळीतलं पोर रडायला लागलं, तशी त्यांनी नकळत दोरी ओढली. मग ओढतच राहिल्या. साहेब पत्त्यांसाठी आले आणि दारातून काही बोलणार, तोच मिसेस दबक्या आवाजात खेकसल्या, "गप्प बसा हो! आत्ता कुठं डोळा लागलाय!" कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही.

पावसाळ्यात वहिनींच्या यजमानांना संगमनेरकडच्या कारखान्यावर नोकरी लागली. सामान टेम्पोत चढलं आणि बाईंनी जाताजाता एक ट्रंक माझ्या ओट्यावर ठेवली. "झोळ्या आहेत. धुऊन ठेवल्यात."

"मला विचारलंत का?" मी भडकलेच.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात," वहिनी म्हणाल्या. माझा हात त्यांनी घट्ट धरला, आणि टेम्पो निघाला.

दिवाळी झाली. माळावर पुन्हा कोप्या उभ्या राहिल्या. मी मनाशी पक्कं केलं होतं, हे काही माझं काम नाही. वहिनींसारखं सगळ्यांना कामाला लावणं आपल्याला जमत नाही, आपण भाताचं बघणारी बाई. पण उजाडायच्या आतच कडी वाजली. दारात एक बाई, हातात कोयता, कडेवर पोर.

"त्या शेजारच्या बाई कुठं हायत?"

"गेल्या गं. दुसऱ्या कारखान्यावर."

"व्हय?" ती वहिनींच्या बंद दाराकडे बघत राहिली. मग तिने पोराला कडेवर वर सरकवलं. "मग नेते ह्याला संगंच," म्हणाली आणि वळली. रस्त्यावर ट्रॉल्या लागलेल्याच होत्या.

"दे इकडे," मी म्हणाले. "आणि बाकीच्या बायकांना सांग, क्लब उघडतेय मी."

पोर माझ्या खांद्यावर मान टाकून झोपून गेलं. मी क्लबाची किल्ली आणायला साहेबांच्या बंगल्याकडे चालत राहिले, आणि त्या अंधारात मला वहिनींची इतकी आठवण आली, की रडूच फुटलं.