काकांनी मुलगा पाहिला

आमच्या हिच्या काकांनी आयुष्यात कुणाचा चेहरा नीट पाहिला असेल, असं मला वाटत नाही. ते माणूस बघायला सुरुवात करतात ती बुटांपासून आणि गुडघ्यांपाशी येऊन थांबतात. मँचेस्टरच्या हॉस्पिटलात उभा जन्म लोकांची हाडं जोडण्यात गेला. नोकरी संपली, पण नजर काही वर सरकली नाही. आमचं लग्न ठरताना त्यांनी माझं शिक्षण, पगार, घराणं यांतलं एक अक्षर विचारलं नाही. मला जिन्यावरून दोनदा वरखाली करायला लावलं आणि पुतणीला म्हणाले, "डावा पाय जरा आत टाकतो. पण सांभाळून उतरतो. हो म्हण." आमचा संसार त्या सर्टिफिकेटवर चालला आहे. मंडळाच्या गणपतीला सगळे आरती म्हणत असतात, तेव्हा हे गृहस्थ दाराशी काढून ठेवलेल्या बुटांच्या झिजलेल्या टाचा उलट्या करून बघतात आणि प्रसादाच्या वेळी एखाद्याला गाठून म्हणतात, "कंबर धरते ना हो सकाळी?" त्याची ती खरंच धरत असते, हा आणखी त्रास.

अशा माणसाला म्हातारपणी अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं. ज्या शहरात मूल आपल्या साध्या फुटबॉलच्या लाल संघाचं की निळ्या, हे ठरवूनच जन्माला येतं, तिथे काका नाश्त्यानंतर अमेरिकेतल्या मॅचची रेकॉर्डिंग लावून बसत. त्यातही चेंडू कुठे आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. ते फक्त पुढच्या रांगेत टोकाला उभा असलेला दांडगा बघत. त्याला टॅकल म्हणतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. "चेंडू फेकणारा भलतीकडे बघत असतो. त्याच्या पाठीवर कुणी येऊन पडू नये, एवढंच याचं काम. चेंडूला हात लावायचा नाही, टाळ्या मिळायच्या नाहीत. आणि हे सगळं उलट्या पावली चालत!" मागच्या सोफ्यावर विणत बसलेल्या काकू हसून म्हणत, "यांना स्कोअर तेवढा विचारू नका." गेल्या वर्षी काकू गेल्या. काका मॅच बघत राहिले, पण सोफ्यावर कुणाला बसू देईनात.

दरवर्षी तिथले संघ नवी पोरं निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. काकांच्या मते तो सरळसरळ वधू-वर मेळावाच. "फरक इतकाच, की गेल्या वर्षी ज्याची सर्वांत फजिती झाली त्याला पहिली पसंती. आपल्या मंडळाला सुचलं का हे कधी?"

यंदा त्या मेळाव्याचं एक स्थळ थेट काकांच्या दारात आलं. त्यांच्या वॉर्डात पूर्वी नर्स असलेल्या ग्रेसबाईंचा मुलगा जेरोम. ट्रॅमच्या डेपोत मेकॅनिक, दारातून आत यायला तिरकं व्हावं लागेल असा देह. रग्बी खेळता खेळता हल्लीच या खेळात आला होता आणि एका अमेरिकी संघाने त्याला ड्राफ्टच्या आधी चाचणीला बोलावलं होतं. जायचं तर डेपोची पक्की नोकरी सोडून. ग्रेसबाई म्हणाल्या, "डॉक्टर, सरळ सांगा. याला जाऊ देऊ की नको? तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला." जेरोम खाली मान घालून कांदेपोहे खात होता. पण त्याचं सगळं लक्ष पोह्यांपेक्षा उत्तराकडे होतं.

काका म्हणाले, "बघण्याचा कार्यक्रम रीतसर व्हायला हवा. काकूचे चांगले कप काढा." आमची ही दचकलीच. ते निळ्या फुलांचे कप काकू गेल्यापासून कपाटातून निघाले नव्हते. पण चहा झाला, ट्रे भरला आणि जेरोमच्या हातात दिला गेला. "आता उलटा चाल. आणि जावईबापू, तुम्ही याच्या अंगावर जा. जोरात!" मी आयटीतला माणूस, जोर फक्त कीबोर्डवर. तरी गेलो. तो डोंगर ट्रे धरून मागे सरकत होता, चहा हिंदकळत होता आणि काका मागच्या खुर्चीतून ओरडत होते, "पाय कच्चे आहेत! फारच रॉ! टाचा टेकतोस!" ग्रेसबाईंचा चेहरा पडला. मला चेव आला, मी बाजूने मुसंडी मारली, गालिच्यात पाय अडकला आणि थेट काकांच्या खुर्चीवर कोसळायला निघालो. पुढच्या क्षणी ट्रे जमिनीवर होता, कपांचे तुकडे सगळीकडे होते आणि मी जेरोमच्या काखेत होतो. काकांच्या धोतराला चहाचा थेंब लागला नव्हता.

"काकूचा सेट!" ही रडवेली होऊन म्हणाली. जेरोम तर पुरता गारठला. "सॉरी डॉक," एवढंच पुटपुटला. काका बराच वेळ त्याच्या पावलांकडे बघत राहिले. मग ग्रेसबाईंना म्हणाले, "पाय शिकवता येतात. ट्रे टाकून मागच्या माणसासाठी आडवं व्हायचं, ते नाही शिकवता येत. जाऊ दे याला."

जेरोम गेला, ड्राफ्टही झाला; त्याचं रेकॉर्डिंग आम्ही दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर पाहिलं. निकाल कळलेल्या ग्रेसबाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. नावं येत गेली, जेरोमचं काही येईना. शेवटी शेवटी एकदाचं आलं. पडद्यावर तो दिसला, खांद्यापासून वर, ओक्साबोक्शी रडणारा. काका पुढे झुकले. "अरे, हा असा दिसतो होय!"

आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत. उठले, चष्मा पुसला आणि भिंतीवरच्या काकूंच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. "बघायला गेलो होतो तेव्हा ही ट्रे घेऊन आली," ते म्हणाले. "मी पावलंच बघत बसलो. मग इतकी वर्षं ही मागे बसलेली." टीव्हीवर पुढची नावं चालूच होती. मी आवाज बंद केला. काका तिथेच उभे होते, मान वर करून.