टाळी वाजली की कार्ड मान टाकायचं

"वायरिंग लोकल माणसानं केलंय ना, मग प्रॉब्लेम तिथंच असणार," पुण्याहून आलेला इंजिनिअर म्हणाला, आणि माझं डोकं सटकलं. तो लोकल माणूस म्हणजे मी.

लातूरच्या एका क्लासमध्ये संगणकांचा सगळा कारभार माझ्याकडे आहे. माझं गाव लोह्याकडचं, बारावीनंतरचं शिक्षण नांदेडला. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मुलांची सराव परीक्षा दर रविवारी आमच्या हॉलमध्ये संगणकावर होते. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या हॉलमधली वायर न वायर मी स्वतः शिडीवर चढून छतातून ओढली होती. वर पत्रा तापलेला, डोळ्यांत घाम, अंगाला धूळ. एकेक टोक तपासून त्याला चिठ्ठी लावली होती. त्यामुळे कुणी त्या वायरींना नाव ठेवलं की मला ते माझ्या तोंडावर बोलल्यासारखंच वाटायचं.

भानगड सुरू झाली ती नवा सर्व्हर आल्यापासून. तो या इंजिनिअरच्या कंपनीनं दिला होता. आठवडाभर शहाण्यासारखा चालायचा. रविवारी परीक्षा सुरू झाली की मात्र मुलांच्या पडद्यावर 'कृपया थांबा' आणि एक गोल फिरत राहायचा. सर्व्हर चालू, त्याच्या नेटवर्क कार्डाचा हिरवा दिवा चालू, पण कार्डातून बाहेर काहीच जाईना. नेटवर्क कार्ड म्हणजे सर्व्हरचं दार आणि ड्रायव्हर म्हणजे ते दार उघडझाप करणारा प्रोग्रॅम. तो ड्रायव्हर बंद करून परत सुरू केला की सगळं सुरळीत. तेवढ्या वेळात मुलांच्या मनाचं मात्र पार भरीत झालेलं असायचं. मुली हुंदके देत जिना उतरायच्या आणि खाली उभे असलेले पालक माझ्याकडे बघायचे.

सर्व्हरची नोंद दर वेळी एकच सांगत होती: कार्डाची पाठवायची रांग तुंबली. मी हे कंपनीला कळवलं. उत्तर आलं, अर्थिंग तपासा. मग आलं, उंदीर तपासा. मग, तुमच्याकडे लाईट फार जाते का? लातूर म्हटलं की या लोकांना आधी पाणी आठवतं आणि मग लाईट. आमच्याकडे विचार करणारी माणसंही राहतात, हे त्यांना कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

क्लासचे संचालक सर कपाळावर भस्माचे पट्टे ओढून सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असतात. घरचा आडतीचा धंदा सोडून त्यांनी हा क्लास उभा केला. त्यांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, कारणं नका सांगू. लेकरं रडायलीत. येत्या रविवारी अडकलं तर हॉल, वायरिंग, सगळं कंपनीच्या ताब्यात देतो. तुम्ही मग ऑफिसात बसा, प्रवेशाचं बघा."

प्रवेशाचं बघणं म्हणजे फॉर्म मोजणं. मी मान हलवली आणि बाहेर आले, पण मनात ठाम होतं की हा हॉल मी कुणाच्या घशात घालू देणार नाही.

शनिवारी कंपनीचा तो पुण्याचा इंजिनिअर आला आणि आल्या आल्या वायरिंगचं ते बोलला. त्यानं एका संगणकावरून मोठी फाईल ओढली. ती झर्रकन आली. "बघा मॅडम, चालतंय की." मी म्हटलं, एकानं मागितलं की चालतंच, सगळ्यांनी एकदम मागितलं की मान टाकतं. खोटी गर्दी करणारा एक प्रोग्रॅम लावून मी त्याला कार्ड अडकवूनही दाखवलं. तर म्हणतो, हा कृत्रिम लोड आहे, खरी माणसं असं करत नाहीत.

आमची माणसं करतात. आमच्या क्लासची रीतच तशी आहे. पेपर कागदावर असायचे तेव्हा ते बाकावर पालथे ठेवलेले असायचे. सर टाळी वाजवायचे, मगच सगळ्यांनी एकदम उलटायचे. संगणक आले तरी टाळी राहिली. सर म्हणतात, "हं, दाबा," टाळी वाजते आणि अख्खा हॉल एका क्षणात पेपर उघडतो.

इंजिनिअरला हे ऐकून हसू आलं. "अहो, मग टाळी बंद करा ना. पाच-पाच जणांना सोडा. आमच्या बाकीच्या सेंटरला असंच असतं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना हे पटायला लागलंय, हे मला दिसलं आणि मी भडकले. मी या टाळीवर वाढलेली मुलगी आहे. शाळेत पेपर वाटायला सुरुवात पुढच्या बाकापासून व्हायची, आणि पुढचे बाक गावात राहणाऱ्यांचे. आम्ही एसटीनं येणारी पोरं मागच्या भिंतीला, पेपर हातात पडेपर्यंत पुढच्यांचा पहिला प्रश्न सुटलेला. या क्लासमध्ये शिकायला आले तेव्हा पहिल्यांदा मी आणि गाडीतून उतरणारी मुलगी एकाच टाळीला पेपर उलटत होतो. कार्डाला झेपत नाही म्हणून आता लेकरांनी रांग लावायची? आजारी कोण आणि औषध कुणाला?

"खरी माणसं पाहिजेत ना तुम्हाला?" मी म्हटलं. "आणते."

दुपारची वेळ होती. आमच्याकडे गावोगावच्या आया लेकरांच्या शिक्षणासाठी लातुरात खोली करून राहतात. कुणी चाकूरच्या, कुणी पार हिमायतनगरच्या. दुपारी त्या डबा घेऊन येतात आणि तास सुटेपर्यंत जिन्याखाली बसतात. मी खाली गेले. "ताई, जरा वर येता का सगळ्या? रविवारी पेपर कसा अडकतो ते या साहेबांना दाखवायचंय."

दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. खाली थांबलेले काही बाप्येही मागोमाग आले. निम्म्यांनी माऊसला कधी हात लावला नव्हता. हिमायतनगरच्या एका बाई डबा मांडीवर घेऊनच बसल्या आणि म्हणाल्या, "कुठं दाबायचं तेवढं सांगा. बाकीचं लेकरू रोज सांगतंय माझं."

सरांनी टाळी वाजवली. सगळ्यांनी दाबलं. सगळ्यांच्या पडद्यावर गोल फिरायला लागला.

"हेच का ते?" हिमायतनगरच्या बाई म्हणाल्या. "माझी पोरगी रविवारी जेवली न्हाई याच्यापायी."

इंजिनिअर हळूच म्हणाला, "वायरिंगमुळेही होऊ शकतं." मी त्याच्या देखत सर्व्हर उघडला, त्यात जुन्या सर्व्हरचं कार्ड बसवलं आणि त्याच वायरी त्याला जोडल्या. आयांना म्हटलं, जाऊ नका, अजून एक टाळी आहे. टाळी वाजली आणि प्रत्येक पडद्यावर पेपर उघडला. एक बाप्या मोठ्यानं पहिला प्रश्न वाचायला लागला तेव्हा त्याला गप्प करावं लागलं.

"म्हणजे कार्ड खराब आहे. बदलून देतो," इंजिनिअर म्हणाला.

"कार्ड नवं कोरं आहे. दुसरं आणाल तर तेही असंच करेल," मी म्हटलं. त्याचंच कार्ड परत बसवलं. मोठ्या फाईलचे बारीक तुकडे करायचं काम ड्रायव्हर कार्डावर ढकलत होता, आणि मागणी एकदम आली की कार्ड त्यात गुदमरत होतं. माझा संशय आधीपासून त्यावरच होता, पण कंपनीच्या माणसाशिवाय सेटिंगला हात लावायचा नाही अशी अट होती. आता माणूस समोर उभा होता. मी ते ढकलणं बंद केलं, तुकडे सर्व्हरनंच करायचे. तिसरी टाळी. त्याच कार्डावर, त्याच वायरींवर पेपर उघडला.

आयांचे डबे गार झाले होते, पण एकही तक्रार न करता त्या खाली गेल्या.

इंजिनिअर बॅग भरता भरता सरांना म्हणाला, "तरी उद्या पाच-पाचच सोडा. सेफ राहील."

"टाळी एकच वाजणार," मी म्हटलं. मला विचारलं नव्हतं, तरी म्हटलं.

रविवारी हॉल भरला तेव्हा सरांनी मला पुढं बोलावलं. "आज टाळी तुम्ही वाजवा मॅडम. अडकलं तर तुमच्याच हातानं अडकू द्या." हा मान होता की धमकी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पण वाजवली, आणि चांगली कडाडून वाजवली. सगळ्या पडद्यांवर पेपर उघडला. हॉलमध्ये फक्त माऊसचा आवाज होता. खाली जाऊन मी हिमायतनगरच्या बाईंना सांगितलं, उघडला पेपर. त्या म्हणाल्या, "हाव का? मग आज जेवल ती."

काही दिवसांनी इंजिनिअरचा फोन आला. मी सरांच्या केबिनमध्ये होते. "मॅडम, त्या दिवशी तुम्ही नेमकं काय बंद केलं होतं? आमच्या दुसऱ्या एका सेंटरला तसंच होतंय."

मी फोन स्पीकरवर टाकला. "सांगते. आधी तुम्ही म्हणा, वायरिंग चांगलं आहे."

तिकडून पुटपुटल्यासारखं आलं, "वायरिंग चांगलं आहे."

"थोडं मोठ्यानं म्हणा," मी म्हटलं. "इथं सर बसलेत."