खळीच्या सुताने बांधलेली टोमॅटोची झाडं

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच्या पुढच्या वर्षी, मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सकाळी, वडगावातल्या आमच्या परड्यात टोमॅटोची सगळी झाडं आडवी पडलेली आढळली. एकाचाही बुंधा मोडला नव्हता. झाडं ज्या गाठींनी बांधली होती त्या गाठी मात्र नाहीशा झाल्या होत्या.

परडं घरामागे, लांब आणि अरुंद. घरात दोन हातमाग होते. एकावर मी बसे, दुसऱ्यावर माझा मोठा भाऊ, अण्णा. नवा ताणा, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, परड्यात लांबवर ताणून त्याला पिठाची खळ लावायची, अशी पद्धत. त्यामुळे परडं आपलं, असं अण्णाचं मत होतं. त्याची बहुतेक मतं याच प्रकारची होती.

आमची थोरली बहीण, आक्का, नवरा वारल्यावर माहेरी परतली होती. कॅम्पातल्या, म्हणजे गोऱ्या पलटणीच्या छावणीतल्या, एका खानसाम्याने तिला सांगितलं, टोमॅटो आण, दर शनिवारी एक बुट्टी, टोपलीभर, घेतो. आक्काने परडं मागितलं. अण्णाने अट घातली. पहिली बुट्टी कॅम्पात पोचेपर्यंत झाडं उभी राहिली तर परडं तिचं. पडली तर उपटायची आणि तिथे पुन्हा ताणा.

आईने वेगळी अट घातली. मांसासारखं दिसणारं हे विलायती वांगं उंबऱ्याच्या आत येणार नाही. खानसाम्याने आगाऊ दिलेली चहाची पुडी मात्र थेट चुलीपर्यंत गेली.

आक्काने दोन-दोन हातांवर रोपं लावायला घेतली. अण्णा पायरीवर बसून बघत होता.

“आक्का, एवढी विरळ? वीतभर अंतर पुरं. दाट असलं की माल चांगला.”

“हे काय लुगडं हाय व्हय रं? ह्याला वारा लागतो.”

“वारा लागला की पडतंय. मग उपटतो मी.”

रोपं दोन हातांवरच लागली. कार्तिकात ती कमरेपर्यंत आली आणि फळाच्या वजनाने वाकायला लागली. आक्काने मोडक्या मागाची लाकडं मागून घेतली, ओळीच्या दोन्ही बाजूंनी रोवली, वर कामट्या आडव्या टाकल्या. झाडं त्या पिंजऱ्यात उभी राहिली. ती जुन्या धडुत्याच्या चिंध्यांनी बांधायची, असं तिने ठरवलं होतं.

त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी, अण्णाला चिंध्या दिसल्या. झाडं पडली तर फायदा त्याचा होता, हे त्याला माहीत होतं. पण ढिली गाठ त्याला बघवत नसे.

“चिंध्या? लोक काय म्हणतील? कोष्ट्याच्या घरात सूत न्हाय?”

त्याने ताण्यातून उरलेलं पिवळं सूत आणलं. दुहेरी खळ दिलेलं, कडक, चकचकीत. दिवस मावळेपर्यंत त्याने एकेक झाड बांधलं. गाठी एका मापाच्या, एका उंचीवर, एकाच बाजूला. मग सूत बोटाने छेडून बघितलं आणि म्हणाला, “आता हत्ती बांध.”

हत्ती आला नाही. मंगळवारी दुपारी शेजारची बकरी कुंपणाजवळ रवंथ करताना सापडली. तिच्या तोंडातून हातभर पिवळं सूत लोंबत होतं. खळ ज्वारीच्या पिठाची होती. पानांना तिने तोंडही लावलं नव्हतं.

अण्णा आडव्या झाडांकडे बघत उभा राहिला. “पडली,” तो म्हणाला. “अट म्हंजे अट.”

“झाडं कुठं पडली?” आक्का म्हणाली. “तुझी गाठ पडली. बकरीनं खाल्ली. जा, तिच्याकडनं परडं माग.”

शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, “अण्णा, खळीत मीठ जास्त झालतं बघा. सकाळपास्नं दोन बादल्या पाणी प्याली.”

अण्णा आत गेला. मागावर जाऊन बसला. धोट्याचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठा येत होता.

आक्काने झाडं उचलली आणि चिंध्यांनी बांधली, सैल, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन. माती लागलेली तीन फळं तिने पायरीवर बाजूला ठेवली. ती नंतर तिथे नव्हती. अण्णाच्या मिशीला बी चिकटलेलं आईने पाहिलं आणि त्याला आंघोळ केल्याशिवाय आत घेतलं नाही.

शनिवारी बुट्टी कॅम्पात पोचली. तोवर सगळी झाडं उभी होती. पुढच्या ताण्याला खळ घरासमोरच्या गल्लीत लावली गेली. त्या दिवशी बकरी बांधून ठेवावी, असं अण्णाने शेजारणीला स्वतः जाऊन सांगितलं.