चांदीचं पाणी आणि गांडुळं

दोन हजार पाचच्या सुमारास आम्ही गंगापूर रोडच्या घरी चांदीवालं वॉशिंग मशीन घेतलं. पाण्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण सुटतात, त्याने जंतू मरतात, असं दुकानदाराने सांगितलं. मी पुढे काही विचारलं नाही. एरवी मी पावशेर शेंगदाण्यालाही चार प्रश्न विचारतो.

मागच्या अंगणात बायकोचा गांडूळखताचा वाफा होता, दहा फूट बाय तीन. पावसाळा संपला की त्यातली गांडुळं विंचूरला तिच्या भावाच्या कांद्याच्या शेतात जायची होती; तिने शब्द दिला होता. उन्हाळ्यात वाफ्याला ओल पुरेना. मशीन एका धुण्याला सहा बादल्या पाणी सोडतं, हे मी मोजलं. पहिल्या चार साबणाच्या, त्या गटारात. शेवटच्या दोन स्वच्छ, त्या मी वाफ्याच्या मधोमध सोडू लागलो.

तीन आठवड्यांनी बायको म्हणाली की गांडुळं कडेला सरकलीत, मधे नुसतं शेण उरलंय. मी मधली फूटभर जागा उकरून गांडुळं मोजली: अकरा. कडेला तेवढ्याच जागेत शंभराच्या वर. आधी उन्हाला दोष दिला, शेण बदलून पाहिलं. मग मशीनचं माहितीपुस्तक काढलं, जे तोवर फक्त वॉरंटीसाठी जपलं होतं. चांदी शेवटच्या फेरीत सुटते, असं त्यात छापलेलं. साबण टाळून मी नेमकं तेच पाणी निवडलं होतं.

किती चांदी, ते लिहिलं नव्हतं. कंपनीला फोन केला. आरोग्याला सुरक्षित आहे, एवढंच फोनवरचा माणूस सांगत राहिला. गांडुळांच्या आरोग्याचं विचारतोय म्हटल्यावर हसला. चांदीनेच ती गेली, की शेणातले जंतू मेल्याने उपाशी राहिली, की आणखी कशाने, हे मला आजही ठरवता येत नाही.

बायकोला सगळं सांगितलं.

"मोजून घातलंत ना? मग बरोबरच असेल," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता कुठे सोडताय ते पाणी?"

"गटारात."

"म्हणजे गोदावरीत. तिथे कोण मोजतं हो?"

भावाला तिने माझ्यासमोरच फोन केला. यंदा देण्याइतकी गांडुळं नाहीत म्हणाली, कारण सांगितलं नाही. मी मशीनवरचं चांदीचं बटण बंद केलं, दिवा विझला. तरी प्रत्येक धुण्याला मागे जाऊन गटारात पडणारं पाणी बघत उभा राहायचो. आधीसारखंच स्वच्छ दिसायचं.