दाखवायला आणलेली गाडी

"मुलगी आहे तेच बरंय. बाप असता तर तासभर खोलत बसला असता."

काका फोनवर बोलत होते, बहुतेक घरच्यांशीच, शटरच्या बाहेर माझ्याकडे पाठ करून. मी आत एका स्कूटरच्या मागे उकिडवी बसून प्लग साफ करत होते. मी तिथे आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बऱ्याच लोकांच्या येत नाही.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट "तासभर खोलत बसला असता" हे शब्द ऐकून हात शिवशिवायला लागले. अख्खी गाडी एकटीने तपासायची वेळ तोवर माझ्यावर कधी आलीच नव्हती.

काका म्हणजे नात्यातले नव्हेत. आमचं गॅरेज कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या खालच्या गाळ्यात आहे आणि ते समोरच्या सोसायटीत राहतात. बाबांचे जुने गिऱ्हाईक. मी शाळेत असताना बस चुकली की हेच मला स्कूटरवर मागे बसवून सोडायला यायचे. वाटेत मी एक शब्दही बोलायचे नाही. शाळेच्या फाटकापाशी ते म्हणायचे, "छान गप्पा झाल्या," आणि वळून निघून जायचे.

त्या दिवशी त्यांनी मुलाची मोटरसायकल आणली होती. मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला होता आणि गाडी विकायची होती. घेणारा वाघोलीहून बसने आला होता. अमरावतीकडचा, माझ्याच वयाचा, एका कारखान्यात कामाला. बहीण वाघोलीकडेच कॉलेजला होती. सकाळी तिला सोडायचं आणि पुढे कामावर जायचं, यासाठी त्याला गाडी हवी होती.

"मले गाडीतलं काही समजत नाही, ताई," त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. "पुण्यात ओळखीचा मेकॅनिकही नाही. काका म्हणाले, आमच्या गॅरेजात दाखवू, तिथं खोटं सांगत नाहीत."

जुनी गाडी घेताना ती मेकॅनिकला दाखवायची, हे सगळीकडेच चालतं. मेकॅनिक गाडी चालू करतो, कान देतो, गल्लीत एक फेरी मारतो आणि मान हलवतो. पुढचं सगळं त्या मानेवर ठरतं. ती मान विकणाऱ्याच्या बाजूने हलावी म्हणून काय काय केलं जातं, ते मी लहानपणापासून बघत आले. बाबा तर दाखवायला आणलेल्या गाडीच्या वेळी विकणाऱ्याकडून चहासुद्धा घेत नाहीत. चहा घेतला की गाडी जरा बरी चालायला लागते, असं त्यांचं म्हणणं. बदललेला प्रत्येक पार्ट ते पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत देतात. आमच्या भागातल्या कितीतरी बाल्कन्यांमध्ये झिजलेली ब्रेकशू आणि काळ्या पडलेल्या चेनी पडून असतील. फेकायला लोकांचा जीव होत नाही, आणि ठेवून करायचं काय हेही कळत नाही.

बाबा त्या सकाळी नाना पेठेत पार्ट आणायला गेले होते. ते येईपर्यंत थांबा, एवढं सांगायला मी तोंड उघडेपर्यंत काकांनी शेजारी तीन चहा सांगितले होते आणि एक ग्लास माझ्या हातात आला होता. नको म्हणणं मला जमलं नाही. मी तो घेतला, थँक्यू म्हटलं, आणि त्यांची नजर चुकवून ऑइलच्या डब्यांमागे ठेवून दिला.

मी गॅरेजमध्ये बिलं करते असं सगळ्यांना वाटतं. कॉमर्सची डिग्री झाल्यावर मी खरंच नोकऱ्या शोधत होते. एका कंपनीत ग्रुप डिस्कशन होतं. मी सगळ्यांचं अगदी नीट ऐकलं. नोकरी मिळाली नाही. मग तात्पुरती म्हणून गॅरेजमध्ये बसायला लागले, आणि एक दिवस बाबांनी कार्बोरेटर उघडला तेव्हा मी खुर्चीवरून उठून बघायला गेले. त्यानंतर खुर्चीवर फारशी बसलेच नाही. इंजिनाला काय होतंय ते ते स्वतःच सांगतं, फक्त नीट ऐकावं लागतं. नीट ऐकणं मला येत होतंच. एवढी वर्षं त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

तर मी गाडी घेऊन गल्लीत गेले. इंजिन सुंदर होतं, एका लयीत चालणारं. गिअर लोण्यासारखे पडत होते. मला गाडी आवडली, आणि जरा निराशाही झाली, कारण शोधण्यासारखं काही दिसेना. वळून परत येताना रस्ता मोकळा होता, म्हणून हँडलवरची पकड अगदी सैल केली. बाबा करतात तशी.

गाडी डावीकडे सरकली. अगदी हळूच. वर्गात बाईंचं लक्ष नसताना शेजारची मैत्रीण बाही धरून ओढते ना, तशी.

मी परत फेरी मारली. परत तेच. छातीत धडधडायला लागलं, भीतीने नव्हे. गॅरेजपाशी येऊन आधी दोन्ही चाकांतली हवा बघितली. हवा बरोबर होती. हवा बरोबर आहे याचा मला इतका आनंद झाला की हसू लपवायला मला खाली वाकावं लागलं. म्हणजे कारण दुसरंच कुठेतरी होतं, आणि ते मला शोधायचं होतं.

भिंतीवरची नायलॉनची दोरी काढली. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात तसली. गाडी मेन स्टँडवर उभी करायची, मागच्या चाकाला मागून दोरी बांधायची, ती दोन्ही बाजूंनी ताणून पुढच्या चाकाच्या पलीकडे न्यायची आणि दोन जड डब्यांना बांधायची. मागचं टायर रुंद असतं, पुढचं अरुंद. त्यामुळे पुढच्या टायरच्या दोन्ही अंगांना थोडी थोडी फट राहते. दोन्ही फटी सारख्या असल्या की दोन्ही चाकं एका रेषेत आहेत.

"काय गं, मांडव घालतेस का गाडीला?" काका म्हणाले. "मुंडावळ्याही बांध."

तो मुलगा हसला नाही. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि दोरी बघायला लागला.

उजवीकडे माझं बोट सहज आत जात होतं. डावीकडे दोरी टायरला टेकली होती.

"चेन ओढताना मागचं चाक तिरकं बसलं असेल," काका म्हणाले. "तुझ्या बाबांनीच बसवलं असेल. त्यांना सांग, चष्मा बदला."

हे अगदी शक्य होतं. मागचं चाक तिरकं असेल तर दोरीही तिरकी जाणार, आणि चांगल्या गाडीवर उगाच ठपका येणार. मी मागे जाऊन, चाक सरळ बसावं म्हणून चेनपाशी दोन्ही बाजूंना कोरलेल्या असतात त्या खुणा बघितल्या. सारख्या होत्या. तरी समाधान होईना, म्हणून पट्टी लावून मोजलं. सारख्याच. पुढे येऊन दोरी सोडली, परत बांधली, परत बोट घातलं. बोट उजवीकडेच गेलं.

आता मी थांबणं शक्यच नव्हतं. मी सीट काढली, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि पान्हा घेतला.

"टाकी कशाला काढतेस?" काकांच्या आवाजात आता गंमत नव्हती.

"बघते."

टाकी उचलून बाजूला ठेवली आणि मोबाइलचा टॉर्च लावला. हँडलचा दांडा जिथे चेसिसमध्ये शिरतो तिथे, टाकीच्या अगदी खाली, ते मला दिसलं. कंपनीचं वेल्डिंग मशिनच्या शिलाईसारखं असतं, एकसारखं. हे कुणीतरी घाईत घातलेल्या टाक्यांसारखं होतं, गाठी गाठी, आणि वरून काळा रंग. मी त्यावर नख फिरवलं. कडेला नख अडकलं. रंगाखाली बारीक चीर गेली होती.

अंगावर काटा आला. सापडलं होतं. हवा, मग दोरी, मग चेन, मग टाकी, एकेक दार उघडत मी बरोबर त्या खोलीत येऊन पोचले होते आणि तिथपर्यंत मला कुणी आणलं नव्हतं. मी इतकी खूश होते की हे कुणाला तरी दाखवायला मान वर केली, आणि समोर काकांचा चेहरा होता. त्यांना आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

तेवढ्यात त्या मुलाचा फोन वाजला आणि तो रस्त्याच्या कडेला गेला. काका माझ्याजवळ आले.

"पडली होती एकदा," ते हळू आवाजात म्हणाले. "कात्रजच्या घाटात. पोराने घरी सांगितलंच नाही, तिकडेच कुणाकडून तरी जोडून घेतली. मला मागाहून कळलं. पण त्यानंतर चालली की गं व्यवस्थित. मी स्वतः नेतो मंडईत."

मी टॉर्च बंद केला.

"तू खोटं बोल असं मी म्हणत नाही. तुझ्या बाबांच्या गॅरेजात मी तसं म्हणणारही नाही. तू काहीच बोलू नकोस. एरवी तरी कुठे बोलतेस?"

ते हे रागाने म्हणाले नाहीत. शाळेच्या फाटकापाशी बोलायचे त्याच सुरात म्हणाले. आणि त्यांचं बरोबर होतं. गप्प राहणं ही माझी नेहमीची जागा होती. तिथे मला कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं, कुणी काही विचारलंही नव्हतं. टाकी बसवायची, सीट लावायची, हात पुसायचे, आत जायचं. तो मुलगा समजला असता, पोरीला काही सापडलं नाही.

बाहेरून त्याचं बोलणं ऐकू येत होतं. "हो, पाहून राहिल्या ना. दोरी गिरी लावून पाहून राहिल्या. मस्त आहे वं गाडी. मागची सीट मोठी आहे, तुही बॅगही बसते." मग थोडं थांबून, "उद्यापासून बस नाही धरा लागत तुले."

मी बाबांना फोन लावला. मागे हॉर्नचा गदारोळ होता.

"दोरी लावलीस का?" गाडी दाखवायला आलीय म्हटल्यावर त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"लावली. पुढचं चाक डावीकडे आहे. चेनच्या खुणा सारख्या आहेत. टाकी काढली. हँडलच्या दांड्यापाशी वेल्डिंग केलंय, आणि त्याला चीर गेलीय."

"मग?"

"मग तुम्ही सांगा ना त्यांना. मी फोन देते."

"मी गाडी बघितलेली नाही. न बघितलेल्या गाडीबद्दल मी बोलत नाही."

"बाबा, काकांची गाडी आहे."

"माहितीये मला कुणाची आहे ते. गाडी तू बघितलीस ना? मग तू बोल. मला इथे बेअरिंगवाल्याने ताटकळत ठेवलंय." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मी फोनकडे बघत राहिले. मदत मिळाली नाही म्हणून रडू यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच काही फिरत होतं. मी सांगितलेल्यातलं एकही वाक्य त्यांनी परत विचारलं नव्हतं. नक्की का, असंही नाही. दुसऱ्या गॅरेजच्या मुरलेल्या मेकॅनिकलासुद्धा ते दोनदा विचारतात. कान गरम झाले, आणि इतका आनंद झाला की उभ्या जागी पाय हलायला लागले.

तो मुलगा परत आला. खिशात फोन ठेवता ठेवता म्हणाला, "मग ताई, घ्यायची ना?"

काका रस्त्याकडे बघत होते. वरच्या मजल्यावरच्या क्लासची मुलं जिन्यावरून उतरत होती, ती जाऊ देत म्हणून मी थांबले. वाक्य डोक्यात इंग्रजीत तयार होतं, स्वच्छ, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पेपरात लिहायचे तसं. ते तिथे उपयोगाचं नव्हतं. मराठीत ही वाक्यं नेहमी बाबा बोलायचे आणि मी मागे पान्हा धरून उभी असायचे. माझा आवाज कसा येईल याचीच मला खात्री नव्हती.

"इकडे या," मी म्हणाले. आवाज आला. थोडा मोठाच आला.

तो वाकला. मी टॉर्च धरला आणि बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं.

"इथे नख लावून बघा. लागतंय ना? गाडी इथे तुटली होती, जोडलीय. आता जोड सुटायला लागलाय. जोरात ब्रेक मारला किंवा खड्ड्यात गेली तर पुढचं चाक वेगळं होईल. तुम्ही दोघं असाल तिच्यावर. ही घेऊ नका."

त्याने बोट तसंच ठेवलं. मग एकदा माझ्याकडे आणि एकदा काकांकडे बघितलं, आणि उठून बाजूला झाला. काकांचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं, आणि ते मी केलं होतं. त्यांनी हेल्मेट उचललं, किल्ली हातात घेतली.

"झालं समाधान? बसव ती टाकी," ते म्हणाले. "मी घेऊन जातो."

मी टाकी उचलली. पण गाडीवर ठेवली नाही, आत नेऊन फळीवर ठेवली. परत आले आणि काकांसमोर उभी राहिले. हात काळे होते, आणि मला अजून बोलायचं होतं.

"टाकी मी बसवणार नाही, काका. आणि तुम्हीसुद्धा ही चालवायची नाही. किल्ली इथे ठेवा, चालत घरी जा."